आगोट भरताना एक बूट सीडी पण करून ठेवा

मिरग लागायच्या आधी आमच्या देवगडात सगळ्यांची गडबड असते, लाकडं आत घ्या, सुकट भरा, पडवीला झापं बांधा. मी त्यात लिनक्सची बूट सीडी पण धरतो, आणि त्याला कारण गणपतीला आलेला चाकरमानी भाचा. आंब्याच्या पेट्यांचा हिशोब असलेल्या जुन्या डेस्कटॉपवर त्याने "मामा, एक पार्टिशन रिकामंच होतं, उडवलं" असा, म्हणजे हार्ड डिस्कचा एक कप्पाच उडवायचा, पराक्रम केला, आणि दुसऱ्या दिवशी काळ्या स्क्रीनवर "नो सच पार्टिशन" नि खाली "ग्रब रेस्क्यू". डेटा जागच्या जागी होता बरं का. ग्रबने, म्हणजे मशीन चालू झाल्यावर लिनक्सला उठवणाऱ्या छोट्या प्रोग्रामने, आपलं घर पार्टिशनच्या नंबरावरून लक्षात ठेवलेलं, मधलं एक गेलं तसे पुढचे नंबर सरकले आणि त्याला घरच सापडेना.

ही सीडी म्हणजे आख्खी सिस्टीम आत असलेली लाईव्ह सीडी नव्हे. तिच्यात फक्त ग्रब असतो, म्हणजे नुसती किल्ली, उघडायची ती हार्ड डिस्कवरची तुमचीच सिस्टीम. म्हणून मशीन धड चालतंय तोवरच करायची.

खाली डेबियन-उबुंटूचं सांगतोय. कमांड उच्चारावरून लिहितोय, टर्मिनलमध्ये अर्थातच इंग्रजी लहान अक्षरांत.

पहिलं, पॅकेजं टाका: ग्रब-पीसी-बिन, ग्रब-ईएफआय-एएमडी६४-बिन, झोरिसो आणि एमटूल्स. दोन्ही ग्रब असले की सीडी जुन्या बायोसवर पण चालते आणि नव्या यूईएफआयवर पण (मशीन चालू होण्याच्या या दोन पद्धती). शेवटचं "बिन" विसरू नका हां, नुसतं ग्रब-पीसी टाकलंत तर यूईएफआय मशीनवर ते आधीच्या ग्रबला काढून टाकायला निघतं, आणि मग आजार नव्हता तिथे आजार.

मग "एलएसबीएलके -एफ" मारा. ज्या ओळीच्या शेवटी नुसता / दिसतो तिचा यूयूआयडी, म्हणजे पार्टिशनची ओळखखूण, कॉपी करा, तो लांबलचक आकडा-अक्षरांचा. नंबर बदलला तरी हा बदलत नाही, सगळी मेख इथेच आहे. /बूट वेगळ्या पार्टिशनवर असेल तर त्याचा यूयूआयडी घ्या.

आता होममध्ये "सीडी" नावाचं फोल्डर, त्यात बूट, त्यात ग्रब, आणि त्यात ग्रब.सीएफजी नावाची फाईल. फाईलमध्ये दोनच ओळी:

सर्च --नो-फ्लॉपी --एफएस-यूयूआयडी --सेट=रूट (इथे तुमचा यूयूआयडी, कंस न घालता)
कॉन्फिगफाईल /बूट/ग्रब/ग्रब.सीएफजी

बूट वेगळं असेल तर दुसऱ्या ओळीत नुसतं /ग्रब/ग्रब.सीएफजी. काही लोक इथे कर्नलचं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या फाईलचं, नावच लिहितात, मला ते पटत नाही, कर्नल अपडेट झाला नि जुना निघाला की सीडी फुकट. असं केलं तर डिस्कवरचा ताजा मेनूच समोर येतो.

मग "ग्रब-एमकेरेस्क्यू -ओ बूट.आयएसओ सीडी". बस, आयएसओ, म्हणजे आख्खी सीडी एका फाईलमध्ये, तयार, ७०० एमबीच्या सीडीत कोपऱ्यात मावते. ब्रासेरो नाहीतर एक्सएफबर्न उघडून "बर्न इमेज" घ्या, डेटा सीडी म्हणून फाईल आत टाकलीत तर ती बूट होणार नाही. ड्राईव्हच नसेल तर हीच आयएसओ "डीडी" कमांडने पेनड्राईव्हवर जाते, फक्त डिस्कचं नाव दोनदा बघा, चुकलात तर भाच्याला बोलायला तोंड राहणार नाही.

लगेच टेस्ट करा. मशीन चालू करताना बूट मेनूचं बटण, बऱ्याच ठिकाणी एफ१२, आणि सीडी निवडा. नेहमीचा मेनू आला की जिंकलात. सिक्युअर बूट चालू असेल तर सीडीला आत घेणार नाही कारण या ग्रबवर सही नसते, तेवढ्यापुरतं ते बंद करा.

खरंच गरज पडली तर सीडीवरून आत शिरा आणि कायमचा इलाज करा: बायोसवाल्यांनी "सुडो ग्रब-इन्स्टॉल /डेव्ह/एसडीए", यूईएफआयला डिस्कचं नाव नको, आणि दोघांनी मग "सुडो अपडेट-ग्रब". डिस्कच मेली असेल तर मात्र या सीडीचा काही उपयोग नाही, तिथे बॅकअपच लागतो.

राहता राहिली जागा. आमच्या खाऱ्या दमट हवेत टेबलावर पडलेल्या सीडीला बुरशी धरते, म्हणून माझी घट्ट झाकणाच्या डब्यात असते, पापडांच्या शेजारी, वर मार्करने मशीनचं नाव आणि तारीख.