कूलर सुरू ठेवून पिंक फ्लॉइड ऐकू नका

परवा भाचा आला तेव्हा मी पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा 'विश यू वेअर हिअर' हा अल्बम लावून बसलो होतो. त्याच नावाचं चौथं गाणं सुरू झालं तसा तो म्हणाला, "मामा, स्पीकर गेला वाटते तुमचा." आणि उठून वायरी हलवायला लागला. गिटार पातळ, दबलेली, मागे खरखर. म्हटलं, बस बे, मिनिटभर थांब. मिनिटभराने दुसरी गिटार आली, ती इतकी जवळून की वाजवणारा आमच्याच दिवाणावर बसलाय असं वाटावं. रेडिओवर गिटार लागलीय आणि खोलीतला माणूस तिला साथ देतोय, असा तो बेत आहे. ती रेडिओची खरखर बँडचा गिटारवाला डेव्हिड गिल्मोर याच्या कारमधल्या रेडिओची. स्पीकर ठणठणीत होता.

तेव्हा दुरुस्तीवाल्याला फोन करण्याआधी बाकीच्या गोष्टी तपासा.

नागपुरात पहिला गुन्हेगार कूलर. अल्बमची सुरुवात बँडचा कीबोर्डवाला रिचर्ड राइट याच्या सिंथेसायझरवर होते, अगदी तळातून, हळूहळू चढत. मे महिन्यात दुपारी कूलरची घरघर नेमकी तिथेच बसते. मग लोक आवाज वाढवतात आणि पुढे ड्रम आले की शेजारचे काकाजी गॅलरीत येतात. पंख्याची गती कमी केली तरी पंप आणि ताट्यांवरून पडणारं पाणी राहतंच. पहाटे पाचला, कूलर बंद करून ऐका. जमत नसेल तर नॉइज कॅन्सलेशनवाले हेडफोन घ्या. अशी एकसुरी, खालच्या पट्टीतली घरघर त्यांना चांगली मारता येते. कुकरच्या शिट्टीपुढे मात्र त्यांचं फारसं चालत नाही.

एकच इअरबड कानात घालून ऐकणं तर सोडाच. डावी-उजवीकडे मांडलेल्या आवाजांतला अर्धा भाग जातो. दोन्ही बड घालूनही सगळं डोक्याच्या मधोमध कोंबल्यासारखं वाटत असेल तर फोनच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ चालू राहिला आहे का ते बघा. बास बूस्टही बंद करा.

"गाणं सुरूच होत नाही" ही तक्रार सगळ्यात जास्त. अल्बमचं पहिलं गाणं म्हणजे 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड'चा पहिला भाग. तो साडेतेरा मिनिटांचा आहे आणि शब्द येतात साडेआठ मिनिटांनंतर. देशपांडे सभागृहात विलंबित ख्यालाला शांत बसणारा माणूस इथे दुसऱ्या मिनिटाला बोट पुढे सरकवतो, हे मला कधी उमगलं नाही. चार मिनिटं होत येतात तेव्हा गिटारचे चार सूर येतात, सुटे, प्रत्येकामागे मोकळी जागा. पुढे सरकवाल तर ते हुकतील, आणि नंतरचं सगळं त्यांच्यावरच उभं आहे.

तिसऱ्या गाण्यात गायक बदलल्यासारखा वाटतो? बदललाच आहे. तो रॉय हार्पर, बँडबाहेरचा इंग्लिश गायक.

आता अ‍ॅप. शफल बंद, हे सांगायला नको. पण क्रॉसफेड, म्हणजे एका गाण्याचा शेवट पुढच्याच्या सुरुवातीत मिसळणारी सोय, बहुतेकांनी कधीतरी पार्टीसाठी चालू केलेला असतो आणि तो तसाच राहतो. तिसरं गाणं अचानक आकसून रेडिओत शिरतं, मग स्टेशन फिरवल्याचे आवाज, मग ती पातळ गिटार. क्रॉसफेड या सांध्यावर पोचारा मारतो. तो शून्यावर आणा.

अल्बम संपला की आपोआप दुसरं काही लावणारा ऑटोप्लेही बंद करा. 1975 चा हा अल्बम 44 मिनिटांचा, बराचसा बँडचा सुरुवातीचा गायक-गिटारवाला सिड बॅरेट याच्या आठवणीत केलेला. त्याच्या आजारपणामुळे 1968 मध्ये तो बँडबाहेर पडला होता. अगदी शेवटी, आवाज विरत असताना, राइट कीबोर्डवर 'सी एमिली प्ले'ची ओळ हलकेच वाजवतो. 1967 चं, सिडने लिहिलेलं गाणं. भाच्याला मी ती ऐकवायला गेलो, आणि नेमकं तेव्हाच अ‍ॅपने भलत्याच बँडचं गाणं सुरू केलं. ऑटोप्ले मीच बंद करायला विसरलो होतो.