करार मोडल्याचं पत्र आलं की : कोर्टाआधीची तयारी

सांगलीतल्या एका निमसरकारी कार्यालयात मी सहा वर्षं करारावर काम केलं. अकरा महिन्यांची नेमणूक, एक दिवसाचा खंड, पुन्हा नेमणूक. सातव्या वर्षी ‘कामात कसूर’ असं लिहून काढून टाकलं. हायकोर्टात रिट याचिका केली, म्हणजे सरकारी निर्णयाविरुद्ध थेट हायकोर्टात दाद मागितली, आणि हरले. कसूर झाली होती की नव्हती, हे तिथं कुणी तपासलं नाही, कारण ते त्या कोर्टाचं काम नव्हतं. जे तपासणं त्याचं काम होतं, त्याचा कागद माझ्याकडे नव्हता. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे लिहितेय.

पत्र, करारनामे, पगाराच्या नोंदी, ओळखपत्र हे तुम्ही गोळा करालच. पत्र मात्र दोनदा वाचा. त्यात फक्त ‘मुदत संपली’ किंवा ‘कलमानुसार नोटीस देऊन करार संपुष्टात’ एवढंच असेल, तर जागा फार थोडी उरते. ओडिशाच्या ग्रिडको कंपनीतल्या करारावरच्या अधिकाऱ्याच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं २०११ मध्ये हेच सांगितलं: निर्णय मनमानी आहे का, बेकायदा आहे का, हे कोर्ट बघेल, पण कराराची नोकरी कायम नोकरीत बदलून देणार नाही. पत्रात ठपका असेल तर गोष्ट वेगळी. १९५७च्या धिंग्रा खटल्यापासून कोर्ट शब्दांच्या आड खरी शिक्षा दडली आहे का ते पाहत आलं आहे, आणि शिक्षा असेल तर बाजू मांडायची संधी द्यावीच लागते. माझ्या पत्रात ठपका होता. म्हणजे माझी बाजू भक्कम होती. तरीही हरले, ते पुढच्या गोष्टीमुळे.

पोच. अर्जाची पोच घ्या. नोटीस आली तेव्हा मी तक्रारीची प्रत मागितली, तीन वेळा, तोंडी. ‘बघू’ म्हणाले. मुदत मागितली, तीही तोंडी. मग सुनावणीला नुसतं खाली मान घालून बसले. हायकोर्टात त्यांनी शपथपत्रावर लिहून दिलं की कर्मचाऱ्यानं कागद मागितलेच नाहीत, पुरेशी संधी दिली होती. न्यायमूर्तींनी आमच्या वकिलांना एकच विचारलं, अर्ज कुठे आहे? अर्ज नव्हता. तिथं प्रकरण संपलं.

रिटमध्ये हायकोर्ट करतं ते न्यायालयीन पुनरावलोकन, आणि ते म्हणजे अपील नव्हे, हे डोक्यात पक्कं बसवा. १९९५च्या बी. सी. चतुर्वेदी निकालात ते स्पष्ट आहे: निर्णय बरोबर की चूक यापेक्षा तो कसा घेतला, हे कोर्ट पाहतं. पुरावा अजिबातच नव्हता का, नियम डावलले का, संधी नाकारली का, शिक्षा ऐकूनच धक्का बसावा इतकी अवाजवी आहे का. साहेब माझ्यावर खुन्नस धरून होते, मी प्रामाणिकपणे काम केलं, हे मनापासून सांगितलंत तरी कोर्ट साक्षीदार बोलावून नव्यानं चौकशी करत बसत नाही. ते फाईल बघतं. आणि तुम्ही काय मागितलं आणि त्यांनी काय नाकारलं, ते फाईलला तेव्हाच लागलं पाहिजे. नंतर लागत नाही!

म्हणून प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती काढा. एक बारनिशीत, म्हणजे आवक-जावकच्या टेबलावर द्या, दुसरीवर शिक्का, आवक क्रमांक, तारीख, सही. नुसता शिक्का चालवून घेऊ नका, तारीख पाहिजे. घेत नाही म्हणाले तर वाद घालू नका. त्याच दिवशी स्पीड पोस्ट करा आणि पोहोचल्याची ट्रॅकिंगची नोंद लगेच छापून ठेवा, नंतर ती साइटवर सापडत नाही. ईमेलही करा. सुनावणीत हरकत घेतलीत तर घरी जाऊन तीच हरकत अर्जात लिहा आणि दुसऱ्या दिवशी द्या. पोच घेऊन. ओळखीचा लिपिक ‘ताई, मी आत पोहोचवतो’ म्हणाला तरी पोच घ्या. माझा ओळखीचाच होता. तो वाईट माणूस नव्हता, पण कोर्टात त्याचा शब्द कामाचा नाही. स्वतःच्या फाईलवरच्या टिपण्या माहिती अधिकारात मागवा. दहा रुपयांचा स्टॅम्प लागतो.

आता दार कुठलं ते बघा. मालक खासगी असेल तर रिट बहुधा टिकत नाही. फेडरल बँकेतून काढलेल्या अधिकाऱ्याला २००३ मध्ये हेच उत्तर मिळालं, आणि २०२२ मध्ये सेंट मेरीज संस्थेच्या प्रकरणात शाळा सार्वजनिक काम करत असली तरी खासगी सेवा-करारासाठी रिट नाही, असं ठरलं. खासगी शाळा कर्मचारी कायद्याखाली येणाऱ्या कर्मचाऱ्यानं ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरण गाठायचं. राज्य सरकारी कर्मचारी असाल तर आधी मॅट, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, एक वर्षाच्या आत. कामगार असाल तर कामगार न्यायालय. १९७१च्या अनुचित कामगार प्रथा कायद्याखालच्या तक्रारीला ९० दिवस. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्यात, तेव्हा जुन्या पुस्तकावर विसंबू नका, वकिलांना विचारा. मुदत मोजायला पत्र हातात पडल्याची तारीख लागते, म्हणून पाकीटही फेकू नका.

मागणी माफक ठेवा. ‘कायम करा’ लिहाल तर २००६चा उमादेवी निकाल समोर येईल: कराराच्या कर्मचाऱ्याला कायम होण्याचा हक्क नाही. आदेश रद्द करा, ठपका पुसा, पुन्हा सुनावणी द्या, हे मागा. जिंकलात तरी प्रकरण बहुतेक त्याच कार्यालयाकडे परत जातं, तयारी ठेवा. मागचा पगार हवा असेल तर मधल्या काळात दुसरी नोकरी नव्हती हे शपथेवर लिहा. दीपाली सुरवसे निकाल, २०१३.

बाकी नेहमीचं. तारीखवार टिपण, वकीलपत्र, झेरॉक्स. रिटला ठरलेली मुदत नसली तरी उशिराचं कारण विचारतात. मुंबईची महालक्ष्मी एक्स्प्रेस आता पकडावी लागत नाही, १८ ऑगस्ट २०२५ पासून सांगली-साताऱ्याची प्रकरणं हायकोर्टाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे आहेत. मूळ कागद कुणाकडेही सोडू नका, वकिलांकडेही झेरॉक्सच द्या. पोच असलेली प्रत तर नाहीच.