तुटलेला हात जोडायचा असेल तर : अपघातस्थळापासून फिजिओथेरपीपर्यंत

कडबा कुट्टीत, मळणी यंत्रात किंवा यंत्रमागाच्या पट्ट्यात सापडून हात तुटला, तर पहिले लक्ष हाताकडे नव्हे, माणसाकडे द्यावे. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे. त्यानेही रक्त थांबत नसेल, तरच जखमेच्या वर रुंद पट्टी आवळावी (दोरी किंवा तार कधीही नको) आणि आवळल्याची वेळ लिहून ठेवावी. त्याच वेळी दुसऱ्या कोणी १०८ वर फोन करावा. जखमीला पाणी किंवा चहा देऊ नये, कारण पुढे भूल द्यायची असते. हात थोडासाही जोडलेला राहून लोंबत असेल, तर तो तोडून वेगळा करू नये.

तुटलेला भाग मात्र हमखास चुकीच्या पद्धतीने नेला जातो. त्यावर हळद किंवा पावडर टाकू नये आणि तो पाण्यात बुडवू नये. सलाईनने ओलसर केलेल्या गॉझमध्ये गुंडाळून तो प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करावा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. बर्फाचा थेट स्पर्श झाल्यास पेशी गोठून मरतात.

बोट थंड ठेवले, तर बराच काळ टिकते. दंडात किंवा कोपराखाली तुटलेल्या हातात मात्र स्नायू भरपूर असल्याने, तो थंड न ठेवल्यास साधारण सहा तासांतच जोडण्याची संधी निसटू लागते आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात तर ढिलाईला जागाच नसते. म्हणून रुग्णवाहिका निघतानाच रुग्णालयात फोन करून सूक्ष्मशस्त्रक्रिया (सूक्ष्मदर्शकाखाली बारीक रक्तवाहिन्या व मज्जातंतू जोडणे) करणारे प्लास्टिक सर्जन उपलब्ध आहेत का, हे विचारावे. सोलापूरहून पुण्याला न्यायचे ठरले, तर अडीचशे किलोमीटरचा रस्ता याच सहा तासांतून वजा होतो.

शस्त्रक्रियेत आधी हाड पक्के करतात, मग धमन्या, शिरा, मज्जातंतू आणि कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारे दोर) जोडतात. मोठ्या भागात रक्तप्रवाह लवकर सुरू करण्यासाठी हा क्रम बदलतोही. पूर्ण हात यशस्वीपणे जोडण्याची पहिली नोंद १९६२ची, बोस्टनमधील बारा वर्षांच्या मुलाची आहे. पात्याने नीट कापला गेलेला हात जोडणे तुलनेने सोपे जाते. पट्ट्याने ओढून उपटलेल्या हाताच्या रक्तवाहिन्या आतपर्यंत फाटलेल्या असतात आणि अशा वेळी डॉक्टरांनी नकार दिला, तर तो निष्काळजीपणा समजू नये.

पुढचा काळ नातेवाइकांच्या चिकाटीची परीक्षा पाहतो. मज्जातंतू दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढतो, त्यामुळे दंडापासून बोटांपर्यंत संवेदना यायला दीड-दोन वर्षे लागू शकतात. तोवर तळहाताचे लहान स्नायू इतके क्षीण होतात की बारीक हालचाली अनेकदा परत येत नाहीत. मुलांमध्ये परिणाम अधिक चांगला असतो. विडी, सिगारेट, तंबाखू पूर्ण बंद हवी, कारण निकोटिनने नुकत्याच जोडलेल्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. सोलापूरसारख्या विड्यांच्या शहरात रुग्णाच्या खाटेजवळ कोणी धूर काढणार नाही, याकडेही घरच्यांनीच पाहावे. फिजिओथेरपी डॉक्टर सांगतील तेव्हाच सुरू करावी आणि स्पर्श परतेपर्यंत तो हात तवा, चूल, गरम पाणी यांपासून दूर ठेवावा, कारण भाजले तरी रुग्णाला कळत नाही.