शून्य पार्स एरर आले म्हणून टूलने कोड वाचला असं धरू नका

स्टॅटिक अ‍ॅनालायझरच्या टेस्टिंगला (कोड न चालवता, नुसता वाचून चुका शोधणारं टूल नीट काम करतं का हे बघायला) नव्याने बसलेल्यांसाठी लिहितोय. एएसटी (कोडची झाडासारखी मांडणी), डेटा फ्लो (डेटा कोडमधून कसा फिरतो) वगैरे येतं असं धरतो. ज्युलिएट टेस्ट सूटवर टूल चालवून झालं असेल आणि आकडेही छान आले असतील, ते येणारच. अमेरिकेच्या एनएसएने बनवलेला आणि एनआयएसटीने प्रसिद्ध केलेला तो संच अशा टूल्ससाठीच आहे, ठरलेली चूक आणि सोबत तिचीच दुरुस्त आवृत्ती. खरा प्रोजेक्ट तसा नसतो. त्या आकड्यांवर स्वतःची लायकी ठरवू नका.

मी पहिल्यांदा कर्ल (नेटवर्कवरून डेटा आणणारा-पाठवणारा ओपन सोर्स प्रोजेक्ट) घेतलं. बिल्डची तयारी करणारं कॉन्फिगर चालवलं तर टीएलएसवर (कनेक्शन एन्क्रिप्ट करणाऱ्या भागावर) अडलं, कारण कुठली टीएलएस लायब्ररी वापरायची ते तिथे आपणच सांगावं लागतं. माझ्या मशीनवर ओपनएसएसएल या टीएलएस लायब्ररीच्या हेडर फाईल्स नव्हत्या, रात्र झालेली, दुसऱ्या दिवशी डेमो, म्हणून मी सरळ 'विदाउट एसएसएल' टाकून मोकळा झालो. बिल्ड झालं, बेअर (बिल्ड चालू असताना कंपाइल कमांड्स टिपणारं टूल) वापरून त्या कमांड्सची जेसन फाईल काढली, टूल चालवलं, एकही पार्स एरर (कोड वाचता न आल्याची तक्रार) नाही आणि वॉर्निंग्स इतक्या कमी की मला वाटलं फॉल्स पॉझिटिव्हचा, म्हणजे खोट्या वॉर्निंग्सचा, प्रश्न सुटला. डेमोत तसं सांगितलंही. आमच्या सीनियर मॅडमनी एकच विचारलं, "ओपनएसएसएल डॉट सी फाईलमधली किती फंक्शन्स बघितली रे तुझ्या टूलने?"

एकही नाही.

हे नीट समजून घ्या, कारण इथे कुठलाही एरर येत नाही. ती आख्खी फाईल एका इफडेफच्या (अमुक पर्याय चालू असेल तरच आतला कोड घ्या, अशा सूचनेच्या) आत आहे. टीएलएस बंद ठेवून बिल्ड केलं तरी मेक (बिल्ड चालवणारं टूल) ती फाईल कंपाइल करतोच, म्हणजे जेसनमध्ये तिची नोंद असते, टूल ती उघडतं, प्रीप्रोसेसर (कंपाइलच्या आधीचा टप्पा) आतलं सगळं काढून टाकतो आणि टूलच्या हातात जवळपास रिकामी फाईल येते. रिकाम्या फाईलमध्ये काय सापडणार? रिपोर्टमध्ये मात्र ती 'तपासली, शून्य वॉर्निंग' अशी दिसते. हेडर न सापडल्यामुळे फाईल सुटली तर निदान लॉगमध्ये काहीतरी दिसतं. इथे लॉगसुद्धा स्वच्छ. आणि नेटवर्कवरून आलेला डेटा जिथे हाताळला जातो, जिथे बग सापडायची शक्यता जास्त, नेमका तोच भाग असा गायब होतो.

तेव्हापासून मी एक करतो. ज्या फाईल्स महत्त्वाच्या वाटतात त्यांच्यात एखाद्या फंक्शनच्या मधोमध 'अबक कखग' अशी निरर्थक ओळ टाकतो आणि टूल चालवतो. टूल ओरडलं तर ते तिथपर्यंत पोचतंय. गप्प राहिलं तर पोचत नाहीये, मग बिल्डचे पर्याय तपासायचे. पाच मिनिटांचं काम आहे. शिवाय रिपोर्टमध्ये फाईल्सची संख्या देऊ नका, फंक्शन्सची द्या, आणि कमिटचा हॅश (कोडची नेमकी कुठली आवृत्ती ते सांगणारी खूण) व कॉन्फिगरची पूर्ण कमांड सोबत लिहा.

हे जमलं की जुने, माहीत असलेले बग घ्या. ओपनएसएसएल १.०.१एफ मध्ये हार्टब्लीड (मेमरीतला डेटा बाहेर जाऊ देणारा बग) आहे, एप्रिल २०१४ मध्ये आलेल्या १.०.१जी मध्ये तो दुरुस्त झाला. दोन्हींवर टूल चालवा. पहिल्यावर बोललं आणि दुसऱ्यावर गप्प बसलं तरच काही सिद्ध होतं. तुमच्या टूलला तो नाही सापडला तर खचू नका, कव्हरिटीसारख्या मुरलेल्या टूललाही तेव्हा तो सापडला नव्हता. पॅकेटमधून आलेली लांबी तशीच मेमकॉपीपर्यंत (मेमरीतला डेटा कॉपी करणाऱ्या फंक्शनपर्यंत) जाते, पण ती बाहेरून आलेली आहे हे टूलला कळणं अवघड होतं.

वॉर्निंग्सची छाननी पहिले शंभर तरी स्वतः, हाताने करा. एआयकडून खरं-खोटं ठरवून घेणारे भेटतात, माझं मत स्पष्ट आहे, नवख्याने ते करू नये, आपलं टूल कुठे चुकतं हे मग कधीच कळत नाही. मेंटॉरही असा शोधा जो उत्तर न देता प्रश्न विचारतो. मला त्या एका प्रश्नाने जे शिकवलं ते सहा महिन्यांच्या ट्युटोरियल्सनी नाही शिकवलं. शंभरातल्या बऱ्याचशा खोट्या निघतील, सगळ्यांच्याच निघतात, त्यात तुमचं काही चुकत नाहीये.

पण खोट्या वॉर्निंग्स मेंटेनरच्या, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणाऱ्याच्या, अंगावर टाकू नका. बरेचदा फुकट काम करणारी माणसं असतात ती. आणि वॉर्निंग घालवायला घाईत पॅच तर मुळीच नको. २००६ मध्ये डेबियन लिनक्सच्या ओपनएसएसएल पॅकेजमध्ये, व्हॅलग्रिंड (मेमरीच्या चुका शोधणारं टूल) न भरलेल्या मेमरीबद्दल तक्रार करतं म्हणून दोन ओळी कॉमेंट केल्या गेल्या. त्यातल्या एकीवर रँडमपणा अवलंबून होता. नंतर उरला फक्त प्रोसेस आयडी (चालू प्रोग्रॅमला मिळणारा नंबर), म्हणजे एका प्रकारच्या मशीनवर, एका आकाराच्या जेमतेम ३२ हजार वेगवेगळ्या एन्क्रिप्शनच्या किल्ल्या, आणि हे कळायला मे २००८ उजाडला. म्हणून आधी गिट ब्लेमवर (कुठली ओळ कुणी, कधी टाकली ते दाखवणारी कमांड) ती ओळ का आली ते बघा, प्रोजेक्टच्या स्वतःच्या टेस्ट्स चालवा. माझा पहिला खरा रिपोर्ट चार ओळींचा होता, कमिट, फंक्शन, कुठल्या इनपुटने तिथे पोचता येतं आणि तिथे काय होतं. तो लिहायला मला दोन दिवस लागले. मेंटेनरने उलटा एकच प्रश्न विचारला, आणि दुरुस्ती मर्ज झाली.