इपॉक्सीत कार्बन नॅनोट्यूब : नमुना घडवताना आणि तपासताना

बहुभित्तीय कार्बन नॅनोट्यूबची, म्हणजे एकात एक बसलेल्या भिंतींच्या अतिसूक्ष्म कार्बन नळ्यांची, पूड दिसायला काजळीसारखी काळी आणि भुरभुरीत असते. निर्दोष रचनेच्या एका नळीचा यंग गुणांक (ताठपणाचे माप) १ टेरापास्कलच्या घरात, म्हणजे पोलादाच्या सुमारे पाचपट असतो; परंतु पुडीत या नळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात आणि तो गुंता तसाच इपॉक्सी रेझिनमध्ये (हार्डनर मिसळल्यावर कडक होणाऱ्या चिकट द्रवात) गेला, तर गुठळीपाशीच भेग सुरू होते. म्हणूनच नळ्या मिसळून इपॉक्सी मजबूत करण्याच्या या कामातील निम्म्याहून अधिक कष्ट गुंता सोडवण्यात जातात.

सुरुवातीला नळ्यांचे वजनाने ०.३ टक्के हे प्रमाण सोयीचे पडते. १०० ग्रॅम इपॉक्सी रेझिन आणि १० ग्रॅम ट्रायइथिलीनटेट्रामाइन हार्डनर घेतल्यास नळ्या सुमारे ०.३३ ग्रॅम लागतात. हार्डनरचे प्रमाण मात्र उत्पादकाच्या माहितीपत्रकानुसारच ठरवावे. नळ्यांचे प्रमाण १ टक्क्याच्या पुढे नेले की रेझिन इतके घट्ट होते की त्यातील हवा बाहेर काढणे कठीण जाते. पूड फ्यूम हूडमध्येच (हवा बाहेर ओढून घेणाऱ्या कपाटात) तोलावी आणि हातमोजे व चांगल्या प्रतीची श्वसनपट्टी वापरावी. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१४ मध्ये अशा नळ्यांच्या एका प्रकाराचे वर्गीकरण ‘मानवात कर्करोगकारक असण्याची शक्यता’ या गटात केले आहे. तेव्हा सवयीने येणारा निष्काळजीपणा येथे परवडणारा नाही.

तोललेल्या नळ्या अ‍ॅसिटोनमध्ये घालून प्रोब सोनिकेटरने (द्रवात दांडी बुडवून ध्वनिलहरींनी गुंता सोडवणाऱ्या यंत्राने) सुमारे अर्धा तास, पाच सेकंद चालू आणि पाच सेकंद बंद अशा टप्प्यांत, बीकर बर्फात ठेवून हलवाव्यात. वेळ वाढवत नेल्याने नळ्या अधिक सुट्या होत असल्या, तरी त्या तुटून आखूडही होतात आणि आखूड नळी भार कमी पेलते. नंतर रेझिन घालून पुन्हा थोडा वेळ सोनिकेशन करावे. या टप्प्यावर एक थेंब काचपट्टीवर दाबून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. मोठी काळी बेटे दिसत असतील, तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

आता अ‍ॅसिटोन घालवायचे. ते अत्यंत ज्वलनशील असल्याने हे काम फ्यूम हूडमध्ये, ज्योत आणि ठिणगीपासून दूर, ६० ते ७० अंश सेल्सिअसला सतत ढवळत करावे आणि त्यानंतर बीकर निर्वात भट्टीत ठेवावा. बीकर दर तासाला तोलावा आणि सलग दोन वजने जुळेपर्यंत थांबावे. कंटाळून येथे घाई केली जाते आणि मग उरलेले अ‍ॅसिटोन रेझिनला मऊ करते, काचसंक्रमण तापमान (ज्या तापमानाला कडक रेझिन मऊ पडू लागते ते) खाली आणते, आणि दोष मात्र बिचाऱ्या नळ्यांच्या माथी येतो. यावर एकच खात्रीचा उपाय आहे : तुलनेसाठीचा कोरा नमुना बाटलीतून थेट ओतलेल्या रेझिनचा करू नये, तर नळ्या वगळून त्यालाही तेच अ‍ॅसिटोन, तेच सोनिकेशन आणि तीच भट्टी द्यावी.

मिश्रण गार झाल्यावर निर्वातात बुडबुडे काढावेत, मग हार्डनर घालून हवा न घुसू देता हळूहळू ढवळावे. हार्डनर पडल्यावर काम करायला जेमतेम अर्धा तास मिळतो आणि मोठ्या भांड्यात मिश्रण स्वतःच तापत असल्याने तो आणखी कमी होतो. सिलिकॉनच्या साच्यात ओतून २४ तास ठेवावे, नंतर सुमारे ८० अंशांवर काही तास शेकावे. कडा पाण्याखाली पॉलिश पेपरने घासाव्यात; कोरडे घासल्यास धूळ उडते.

विद्युतवहन आधी मोजावे, कारण त्यात नमुना मोडत नाही. दोन्ही टोकांना चांदीचा लेप लावून रोध मोजला असता, नळ्यांचे अखंड जाळे तयार झालेल्या नमुन्यात तो कोऱ्या इपॉक्सीच्या तुलनेत अनेक पटींनी घटलेला आढळतो. ताण चाचणीसाठी एएसटीएम डी ६३८ या प्लास्टिकच्या ताण चाचणीच्या मानकातील पहिल्या प्रकारचा डंबेल (टोकांना रुंद, मध्ये अरुंद नमुना) घ्यावा : लांबी १६५ मिलिमीटर, मधल्या भागाची रुंदी १३ आणि जाडी सुमारे ३.२. खेचण्याचा वेग मिनिटाला ५ मिलिमीटर ठेवावा आणि दर मिश्रणाचे किमान पाच नमुने तोडावेत. लांबीतील वाढ यंत्राच्या जबड्यांच्या हालचालीवरून न काढता एक्स्टेन्सोमीटरने (नमुन्याचीच वाढ मोजणाऱ्या उपकरणाने) मोजावी. जबड्यात नमुना किंचितही सरकला, तर गुणांक चुकीने कमी येतो.

कोऱ्या इपॉक्सीचा गुणांक साधारण ३ गिगापास्कल असतो. नळ्यांमुळे झालेली वाढ पाच नमुन्यांच्या आपापसांतील फरकाएवढीच असेल, तर तिला सुधारणा म्हणू नये. शेवटी तुटलेल्या पृष्ठभागावर सोन्याचा पातळ थर देऊन तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. रेझिनमधून लांब, स्वच्छ नळ्या उपसून आलेल्या दिसल्या, तर दोघांतील पकड कच्ची आहे आणि पुढच्या खेपेस कार्बोक्सिल गट (रेझिनशी पकड वाढवणारे रासायनिक गट) जोडलेल्या नळ्या वापरून पाहाव्यात. भेगेच्या मुळाशी गुठळी दिसली, तर पुन्हा सोनिकेटरकडे वळावे.