चार लाद्यांचा चौरस दुप्पट करायचा असेल तर

मुलांना प्रश्न विचारून शिकवावं, यावर डीएडला आम्ही दोन-दोन पानी उत्तरं लिहिली. प्रत्यक्ष कसं करायचं ते कोणी दाखवलं नाही. मला ते सापडलं निवृत्त झाल्यावर, ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोच्या 'मेनो' या संवादात. तिथे प्लेटोचा गुरू सॉक्रेटिस, त्याच्याशी बोलत असलेल्या मेनोच्या एका गुलाम मुलाला पुढे बोलावतो, दोन फूट बाजूचा चौरस काढतो आणि विचारतो, याच्या बरोबर दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस कसा काढशील? मुलगा कधी भूमिती शिकलेला नाही. सॉक्रेटिस आधी एवढीच खात्री करून घेतो की याला ग्रीक बोलता येतं. मुलाचं नाव मात्र संवादात कुठेच येत नाही.

हाच तास मी आमच्या पडवीत घेते. कसा, ते सांगते.

मूल पाचवी-सहावीतलं हवं. मोठी मुलं पायथागोरस फेकतात आणि खेळ तिथेच संपतो. आमच्या लाद्या फूट बाय फूटच्या आहेत, त्यामुळे अर्धं काम आयतं झालं. तुमच्याकडे तशा नसतील तर चौकटीची वही चालेल. दोन रंगांचे खडू घ्या. पट्टी आणि फोन घरात ठेवा. माझ्या नातवाने एकदा प्रश्नाचा फोटो काढून फोनलाच उत्तर विचारलं, तेव्हापासून हा नियम आहे.

चार लाद्यांचा चौरस आखा. किती लाद्या? चार. दुप्पट म्हणजे? आठ. मग बाजू केवढी घ्यायची? शंभरातली नव्वद मुलं म्हणतील, चार. मेनोचा तो गुलाम मुलगाही तेच म्हणाला होता. इथे 'चूक' हा शब्द तोंडातून जाऊ द्यायचा नाही. "काढ बघू," एवढंच. मूल आखतं, मोजतं आणि सोळावर येऊन थांबतं. मग म्हणतं, तीन. तेही आखू द्या. नऊ! "बाई, एकच जास्त आला," असं शेजारची मुलगी इतक्या आशेने म्हणाली की मला हसू आवरेना. पुढे ती अडीचवर गेली, खडूने अर्ध्या अर्ध्या लाद्या जोडत सव्वासहापर्यंत पोचली आणि मग तिने खडू खाली ठेवला. "नाही येत मला."

सगळा तास या जागेसाठी असतो. याच संवादात मेनो सॉक्रेटिसला म्हणतो की तू त्या माशासारखा आहेस, जो अंगाला लागला की माणूस बधिर होतो. सॉक्रेटिसचं म्हणणं वेगळं आहे. मघाशी या मुलाला येत नव्हतं आणि येतंय असं वाटत होतं. आता येत नाही हे त्याला कळलंय. मग नुकसान कुठे झालं? तर अशा वेळी गप्प बसायचं. मला ते जमत नाही, म्हणून मी लसूण सोलायला घेते. नोकरीत असताना हाच प्रश्न मी वर्गात घेतला होता आणि पोर्शन राहील या धास्तीने तिसऱ्या मिनिटाला कर्ण काढून मोकळी झाले. दुसऱ्या दिवशी एकालाही तो पुन्हा काढता आला नाही. आता निदान सात-आठ पाकळ्या सोलून होईपर्यंत मी मान वर करत नाही.

मग सॉक्रेटिसचं एक वाक्य उसनं घ्या: मोजता येत नसेल तर नुसतं दाखव, कोणत्या रेषेवर? हे वाक्य फार हुशार आहे. या बाजूचा नेमका आकडा पूर्णांकात नाही आणि अपूर्णांकातही नाही, त्यामुळे आकड्यांच्या मागे लागलेलं मूल जन्मभर शोधत राहील. बोट मात्र ठेवता येतं.

तरीही अडलं तर मदत करावी लागते. माझं सॉक्रेटिसशी इथे भांडण आहे. तो कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतची रेषा स्वतःच काढतो आणि मग "हिने प्रत्येक चौकोन अर्धा होतो ना?" असं विचारत सुटतो. मुलगा 'हो' म्हणत राहतो. 'हो ना?'ने संपणारा प्रश्न म्हणजे उत्तरच. मी त्याऐवजी सोळा लाद्यांच्या फसलेल्या चौरसाकडे परत जाते. सोळाचे निम्मे किती? आठ! मग या मोठ्या चौरसात चार-चार लाद्यांचे चार चौरस आहेत, त्यातला प्रत्येक निम्मा कर. मुलं आधी आडवी रेघ मारतात, मग उभी. कधीतरी तिरपी मारतात. चारही तिरप्या रेघा एकमेकींना टेकल्या की मधोमध तिरका चौरस उभा राहतो, आठ लाद्यांचा. म्हणून चुकीची आकृती पुसू नका. एकदा आमच्याकडे ऐन वेळी ओली फरशी पुसणं झालं आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं.

आमचे हे म्हणाले, यात ग्रीकांचं काय, बौधायनाच्या शुल्बसूत्रात, म्हणजे वेदी आखायच्या आपल्या जुन्या ग्रंथात, हे आहेच. आहे, चौरसाच्या कर्णावरचा चौरस दुप्पट होतो असं तिथे स्पष्ट सांगितलंय. पण ते यज्ञवेदी बांधणाऱ्याला सांगितलंय. मूल तिथवर चुकत चुकत कसं येतं, ते मला प्लेटोकडे मिळालं. त्याचा पुढचा सिद्धांत, की आत्म्याला हे आधीच ठाऊक असतं आणि शिकणं म्हणजे आठवणं, तो तुम्ही मानला नाहीत तरी तास होतो.

एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. मुलाला उत्तर सापडल्यावरही सॉक्रेटिस म्हणतो की हे त्याला आत्ता स्वप्नासारखं आहे. पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या तऱ्हेने विचारलं तर पक्कं होईल. म्हणून आठवड्याने पुन्हा विचारा. दोन लाद्यांचा चौरस काढ, अठरा लाद्यांचा काढ. शेजारचीने दोन्ही काढले, तेव्हा मी तिला पाच लाद्यांचा दिला. परवापासून पडवीत खडूच्या रेघाच रेघा आहेत, आणि दूधवाल्यालाही कडेकडेने यावं लागतंय.