लग्नाची जुनी कॅसेट टीव्हीवर लावण्याआधी

मागच्या खेपेला मी आई-बाबांच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट घाईघाईत पेनड्राइव्हवर उतरवली, आणि सगळ्या घरासमोर मावशीने विचारलं, "मी एवढी जाड कधी होते रे?" मांडवातला प्रत्येक माणूस आडवा ताणला गेला होता. तेव्हापासून या कामाचा क्रम ठरलाय.

मूळ फाइल बाजूला ठेवायची, हात लावायचा तो कॉपीला. मग चित्रात समोरून दिसणारी एखादी गोल वस्तू शोधायची. आमच्या कॅसेटमध्ये कार्यालयाच्या भिंतीवरचं घड्याळ आहे. तिथे व्हिडिओ थांबवायचा आणि टीव्हीच्या पडद्यावर सरळ पट्टी लावायची. उंची 12 सेंटिमीटर आणि रुंदी 16 भरली, तर 4:3 चं (जुन्या टीव्हीच्या रुंदी-उंचीच्या प्रमाणातलं) चित्र 16:9 मध्ये, म्हणजे आताच्या रुंद पडद्याच्या प्रमाणात, ताणलं गेलंय. उंची 16 आणि रुंदी 15 असेल तर गोष्ट वेगळी. आपल्याकडच्या पाल या टीव्ही-व्हिडिओ पद्धतीत चित्र 720 बाय 576 पिक्सेलचं साठवतात, म्हणजे 5:4. ते पिक्सेल चौरस नसतात, दाखवताना थोडे रुंद करायचे असतात. तेवढं राहून गेलं की माणसं किंचित उभट दिसतात. हा दोष पटकन लक्षात येत नाही, म्हणूनच पट्टी.

कन्व्हर्ट करायला बसण्याआधी टीव्हीचा रिमोट घ्या. पिक्चर साइझ 'झूम' किंवा 'वाइड'वर अडकलेला असेल तर फाइल बिचारी निर्दोष असते. तीच फाइल कॉम्प्युटरवर व्हीएलसी प्लेअरमध्ये लावून बघा. तिथे घड्याळ गोल दिसलं तर गडबड टीव्हीकडे. फाइलची माहिती दाखवणाऱ्या मीडियाइन्फो या प्रोग्रॅममध्ये 'डिस्प्ले आस्पेक्ट रेशो', म्हणजे दाखवताना रुंदी-उंचीचं प्रमाण, काय लिहिलाय तेही बघून घ्या.

आता कन्व्हर्टर. आधी डीइंटरलेस (एकाआड एक ओळींत साठवलेलं चित्र सलग करणं), मग आकार बदलणं. उलट केलंत तर हलणाऱ्या हातांना कंगव्याचे दात फुटतात आणि ते नंतर निघत नाहीत. व्हीएचएसच्या तळाशी फडफडणारी पट्टी असते. तिच्या 8 ओळी कापल्या तर रुंदीतूनही 10 पिक्सेल कापा, म्हणजे 710 बाय 568 उरतं आणि 5:4 टिकतं. आपोआप क्रॉप (कन्व्हर्टरने स्वतःच कडा कापणं) बंदच ठेवा. अंधाऱ्या वरातीत त्याला काळी चौकट आणि काळी रात्र यांतला फरक कळत नाही. फाइलवरची नोंद बरोबर असेल तर 'कीप आस्पेक्ट रेशो' चालू राहू द्या, चुकीची असेल तर ते काढून 1440 बाय 1080 हे आकडे हाताने भरा.

काही टीव्ही फाइलमधली प्रमाणाची नोंद वाचतच नाहीत. म्हणून मी दोन्ही बाजूंना 240-240 पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या फाइलमध्येच घालून 1920 बाय 1080 करतो. "पडदा भरत नाही" म्हणून कुणीतरी कुरकुरतंच, कुरकुरू दे. वरखाली कापून पडदा भरला तर पाव चित्र जातं, आणि उभ्या असलेल्यांच्या डोक्यावरचे फेटे आधी जातात. मोबाइलवरची उभी क्लिप जोडणार असाल तर ती 608 बाय 1080 होते, बाकी काळं.

चित्रासाठी एच.264, आवाजासाठी एएसी, फाइलचा प्रकार एमपी4, एवढं पुरे. पेनड्राइव्ह फॅट32 या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर एक फाइल 4 जीबीच्या आत हवी, नाहीतर कॉपीच होत नाही.

सगळं कन्व्हर्ट करायच्या आधी घड्याळ दिसतं तो एक मिनिट तेवढा करा. कार्यक्रम दुसऱ्याच्या घरी असेल तर आदल्या दिवशी तिथल्या टीव्हीवर तो लावून या. जाताना पट्टी घेऊन जा.